शिकारीची ट्रॉफी घरी आणताना

परदेशी पहिल्या शिकारीला निघालात, तर ट्रॉफी, म्हणजे शिकारीची शिंगं-कातडी, ज्या पेटीतून घरी येते तिचं भाडं आधीच विचारून घ्या. विमानाने माल पाठवताना नुसतं वजन बघत नाहीत. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून सहसा ६०००ने भागतात. १२० × ८० × ६०ची पेटी ४० किलोची असली तरी पैसे ९६ किलोचे! म्हणून कुडूची, म्हणजे आफ्रिकेतल्या पिळदार शिंगांच्या हरणाची, शिंगं उकळल्यावर आतल्या हाडावरून उपसून, एकमेकांत बसवून बांधायला सांगा. माझी दुसरी पेटी तेवढ्यानेच खूप आटोपशीर झाली.

जंतुनाशक प्रक्रिया, पेटी, लागत असल्यास साइटिसचा (धोक्यातल्या प्राण्या-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवाना, विमा, कस्टम एजंट, हे सगळं धरून घरपोच आकडा लेखी मागा. परवान्यावरचं नाव आणि नग स्वतः ताडून बघा. चूक निघाली की पेटी गोदामात अडकते आणि रोजचं भाडं चढत राहतं.