वाचकांचे प्रश्न : ब्लायटनबाईंचं जर्नल आणि आपल्या कपाटातल्या प्रती

गेल्या अंकात आम्ही इंग्लंडमधल्या ‘एनिड ब्लायटन सोसायटी’च्या ‘जर्नल’ची ओळख करून दिली होती. हे मंडळ १९९५ मध्ये सुरू झालं. वर्षाला तीन अंक, आणि त्यांत एकाच बालसाहित्यिकेच्या पुस्तकांविषयी संग्राहकांनी, चाहत्यांनी आणि अभ्यासकांनी लिहिलेला मजकूर. त्या लेखावर पत्रं आली ती बहुतेक ‘मग आमच्या घरच्या पुस्तकांचं काय?’ असं विचारणारी. निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

एकाच लेखिकेवर वर्षाला तीन अंक? इतकं लिहिण्यासारखं असतं तरी काय? – एक वाचक, सातारा

ब्लायटनबाईंच्या (१८९७–१९६८) बाबतीत पुरून उरेल इतकं. त्यांच्या कितीतरी गोष्टी आधी नियतकालिकात आल्या आणि मग पुस्तकात गेल्या. ‘सनी स्टोरीज’ त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं. १९५३ मध्ये ते सोडून स्वतःच्या नावाचं नियतकालिक काढलं, ते १९५९ पर्यंत चाललं. एकच गोष्ट तिथे एका चित्रकाराच्या चित्रांसह येते, काही वर्षांनी संग्रहात दुसऱ्याच चित्रांसह दिसते आणि पुढे तिसऱ्या संग्रहात नव्या शीर्षकाखाली सापडते. हा माग काढणं हेच अशा जर्नलचं खरं काम. बाईंच्या एकूण पुस्तकांचा आकडा जिथे पाहावा तिथे वेगळा असतो, तोही यामुळेच. शालेय वाचनमाला धरायच्या का, पातळ पुस्तिका धरायच्या का, जुन्या गोष्टींची नवी मोट बांधलेलं पुस्तक वेगळं मोजायचं का, यावर तो आकडा ठरतो. मालिकांचे आकडे मात्र पक्के आहेत : फेमस फाइव्ह २१ (१९४२ ते १९६३), सीक्रेट सेव्हन १५ (१९४९ ते १९६३), मॅलरी टॉवर्स ६ (१९४६ ते १९५१).

आणि वाचकांच्या पत्रांना तिथे जुनी परंपरा आहे. इंग्लंडमधल्या बीकन्सफील्ड गावातल्या त्यांच्या घराला ‘ग्रीन हेजेस’ हे नाव बाईंच्या बालवाचकांनीच पत्रांतून सुचवलं होतं. ते घर १९७३ मध्ये पाडलं गेलं.

माझ्याकडे फेमस फाइव्हची २१ पेक्षा जास्त पुस्तकं आहेत. मग तुमचा आकडा चुकला का? – एक वाचक, ठाणे

आकडा बरोबर आहे आणि तुमचा संग्रहही खरा आहे. ब्लायटनबाईंच्या निधनानंतर क्लोद व्हॉलिए या फ्रेंच लेखिकेनं १९७१ पासून या पाच जणांच्या २४ नव्या कथा फ्रेंचमध्ये लिहिल्या. त्यांतल्या बऱ्याच अँथिया बेल यांनी इंग्रजीत आणल्या. मुखपृष्ठाची ठेवण मूळ मालिकेसारखीच असल्यानं जुन्या बाजारात दोन्ही एकत्र मिसळतात. आतलं शीर्षकपान उघडा. तिथे अनुवादकाचं नाव असेल तर ते पुस्तक व्हॉलिएबाईंचं. कपाटात ती वेगळी लावा, पण टाकू नका.

माझ्या लहानपणीची प्रत आणि मुलीसाठी घेतलेली नवी प्रत, दोन्हींतली वाक्यं जुळत नाहीत. खरी कुठली? – एक वाचक, नाशिक

मुलीची प्रत बहुधा २०१० नंतरची आहे. त्या वर्षी हॉडर प्रकाशनानं फेमस फाइव्हची भाषा ‘आजची’ करून घेतली. ‘मदर-फादर’ जाऊन ‘मम-डॅड’ आले, ‘स्कूल ट्यूनिक’चा ‘युनिफॉर्म’ झाला, ‘मर्सी मी’च्या जागी ‘ओ नो’ आलं. वाचकांना ते रुचलं नाही आणि २०१६ मध्ये प्रकाशकांनी जुन्या मजकुराकडे परत जायचं ठरवलं. त्यामुळे २०१० ते २०१६ मधली प्रत ही मधल्या टप्प्याची समजावी. आमचं मत विचाराल तर मुलीला जुनाच मजकूर वाचू द्या. अनोळखी शब्दापाशी थांबून ‘म्हणजे काय?’ विचारणं हा वाचनाचाच भाग आहे.

फरक नोंदवायचा असेल तर संपूर्ण पुस्तक एका बैठकीत ताडून पाहू नका, डोळे चुकतात. पहिलं, मधलं आणि शेवटचं प्रकरण घ्या. एकानं जुनी प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं नवीवर बोट ठेवायचं. वहीत चार रकाने आखा : प्रकरण, जुन्या प्रतीचं पान व ओळ, जुने शब्द, नवे शब्द. पानांचे आकडे आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून प्रकरणाचा रकाना गाळू नका.

फ्लोरा फाउंटनला घेतलेल्या प्रतीवर ‘प्रथम प्रकाशन १९४२’ असं छापलंय. ही पहिली आवृत्ती समजायची का? – एक वाचक, डोंबिवली

नाही. ही फसगत सर्वांत जास्त होते. ती ओळ प्रत्येक पुनर्मुद्रणात तशीच छापली जाते. तिच्याखालच्या ओळी वाचा. सर्वांत शेवटचं वर्ष तुमच्या प्रतीच्या जवळचं. आकड्यांची रांग छापली असेल तर तिच्यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे तुमची छपाई कितवी, ते.

ते पान फाटलं असेल तर मलपृष्ठावरची किंमत पाहा. ब्रिटननं १५ फेब्रुवारी १९७१ पासून दशमान नाणी स्वीकारली. त्याआधी पौंडाचे २० शिलिंग आणि शिलिंगाचे १२ पेनी होते. किंमत नुसती ‘३/६’, म्हणजे साडेतीन शिलिंग, असेल तर छपाई बदलाच्या आधीची. ‘१७½ पी’ आणि ‘३/६’ दोन्ही छापलेलं असेल तर तुमच्या हातात त्या संक्रमणकाळातली प्रत आहे : तीन शिलिंगांचे १५ नवे पेन्स आणि सहा जुन्या पेनींचे अडीच. नुसते नवे पेन्स असतील तर त्यानंतरची. पुस्तक क्रमांकही (आयएसबीएन) बोलतो. नऊ आकडी असेल तर साठच्या दशकाच्या अखेरीचा किंवा अगदी सत्तरच्या सुरुवातीचा, दहा आकडी १९७० नंतरचा, तेरा आकडी २००७ पासूनचा.

चित्रांवरूनही अंदाज येतो. मूळ मालिकेची चित्रं आयलीन सोपर यांची. सत्तरच्या दशकात ‘नाइट’ (Knight) या नावानं निघालेल्या पेपरबॅकमध्ये बेटी मॅक्सी यांची चित्रं दिसतात.

आपल्याकडे अडचण अशी की छापील किमतीवर रुपयांचं लेबल चिकटवलेलं असतं. ते नखानं ओढलं की मुखपृष्ठाचा रंगही सोबत येतो. हेअर ड्रायर मंद ठेवून वीसेक सेकंद ऊब द्या आणि लेबलाची कड पातळ पट्टीनं आडवी उचला. प्लॅस्टिकचा थर नसलेल्या मुखपृष्ठावर लेबल तसंच राहू द्या, आणि उजेडासमोर धरून खालचा आकडा वाचता येतो का ते पाहा.

मुखपृष्ठावरची सही खरी असते का? – एक वाचक, बेळगाव

मुखपृष्ठावरची ती ठसठशीत सही छापील असते. ती आता प्रकाशकांचं नोंदणीकृत बोधचिन्ह आहे. आतल्या कोऱ्या पानावर सही असेल तर दहापट भिंग घ्या. शाईची रेघ कागदाच्या तंतूंत थोडी फुटलेली दिसते आणि रेघा जिथे एकमेकींवरून जातात तिथे शाई गडद होते. छापील रेघ सगळीकडे सारखी असते किंवा ठिपक्यांची बनलेली दिसते.

जर्नलचे जुने अंक मागवले. रत्नागिरीच्या हवेत पिना गंजल्या आणि मधली पानं सुटी झाली. काय करावं? – एक वाचक, रत्नागिरी

आधी पिन काढा, कारण गंज कागद खातो आणि डाग आतल्या पानांपर्यंत पोचतो. पिन काढायच्या चिमट्यानं ओढू नका. गंजलेली पिन तुटते आणि तिच्यासोबत कागदाचा तुकडाही निघून येतो. अंक मधल्या पानावर उघडा. पिनेचे दुमडलेले दोन पाय आतल्या बाजूला दिसतील. त्यांच्याखाली बोथट पातळ पातं सरकवून ते एकेक करून सरळ उभे करा. मग अंक मिटून पाठीच्या बाजूनं पिन हळूच उचला. भोकाभोवतीची गंजाची पूड कोरड्या मऊ ब्रशनं झटका. पाणी लावू नका, डाग पसरतो.

आता दोऱ्यानं शिवा. पिनांची भोकं दोन, त्यांच्या बरोबर मध्ये दाभणानं तिसरं पाडा. सुती दोरा अंकाच्या उंचीच्या अडीचपट घ्या. आतून मधल्या भोकातून बाहेर जा, वरच्या भोकातून आत या, आतल्या बाजूनं मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर पडा आणि पुन्हा मधल्या भोकातून आत या. आतल्या लांब टाक्याच्या एका बाजूला दोऱ्याचं एक टोक, दुसऱ्या बाजूला दुसरं, असं घेऊन त्या टाक्यावर गाठ मारा. दोरा ओढताना पाठीच्या दिशेला समांतर ओढा. काटकोनात ओढला तर कागद चिरतो. सगळीकडे हीच चूक होते.

सेलोटेप कधीही नको. पाचसात वर्षांत ती पिवळी पडते, चिकटा कागदात उतरतो आणि तो काढणं जवळपास अशक्य होतं.

ठेवायचं कुठे? बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको, पावसाळ्यात ती भिंत ओल धरते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी, ६५ च्या वर गेली की बुरशीला आमंत्रण. शंभर-दोनशे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक डब्यात ठेवा म्हणजे अंदाजपंचे राहत नाही. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, आणि रंग बदलणारी असेल तर रंग उतरताच तव्यावर मंद आचेवर नव्हे, तर पुडीवर लिहिलेल्या तापमानाला ओव्हनमध्ये वाळवावी. डांबरगोळ्यांनी कसर थोडीफार दूर राहते, बुरशी मात्र जात नाही. वासही पानांत कायमचा बसतो. कोरड्या थंडीत महिन्यातून एकदा अंक काढून पानं चाळली तर कसर आणि झुरळांची अंडी वेळीच दिसतात.

एखादं पुस्तक मराठीत करून मित्रमंडळींत वाटू का? – एक वाचक, पणजी

परवानगीशिवाय नको. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. ब्लायटनबाई २८ नोव्हेंबर १९६८ रोजी गेल्या, म्हणजे आपल्याकडे त्यांचा मजकूर १ जानेवारी २०२९ ला मोकळा होईल. ब्रिटनमध्ये मुदत ७० वर्षांची, म्हणून तिथे १ जानेवारी २०३९. चित्रांचा हिशेब वेगळा आहे. सोपर १९९० मध्ये गेल्या, त्यामुळे त्यांची चित्रं इथे २०५० अखेरपर्यंत वापरता येणार नाहीत. व्हॉलिएबाईंच्या कथांनाही वरच्या तारखा लागू नाहीत. समीक्षेत चारदोन ओळी उद्धृत करायला मात्र हरकत नाही.

चाहत्यांचं जर्नल म्हणजे आरतीच ना? बाईंच्या पुस्तकांतला परकीयद्वेष त्यात येतो का? – एक वाचक, नागपूर

चाहत्यांनी तो टाळू नये, असं आम्हाला ठामपणे वाटतं. हे आक्षेप आजचे नाहीत. १९६० मध्ये मॅकमिलननं त्यांचं एक हस्तलिखित नाकारलं, त्यामागे त्यातली जुनाट परकीयद्वेषाची झाक हे एक कारण होतं. ते पुस्तक पुढच्या वर्षी दुसऱ्या प्रकाशकानं काढलं. बीबीसीनंही अनेक वर्षं त्यांचं साहित्य प्रसारित केलं नव्हतं. नॉडीच्या गोष्टींतले काळ्या चेहऱ्याचे बाहुले नंतरच्या आवृत्त्यांत बदलले गेले. कुठल्या आवृत्तीत नेमकं काय आणि कधी बदललं, हे पान-ओळीसह सांगू शकणारा माणूस बहुतेक वेळा चाहताच असतो. त्यानं ते सांगितलं नाही तर वाद नुसत्या आठवणींवर चालतो.

आपल्या भा. रा. भागवतांसाठी असं काही करता येईल? – एक वाचक, पुणे

या प्रश्नासाठी तुमचे मनापासून आभार. भागवत (१९१०–२००१) मुलांचं मासिक चालवणारे, ज्यूल व्हर्न मराठीत आणणारे, आणि फुरसुंगीच्या बनेश फेणेला मराठी मुलांच्या हाती देणारे. म्हणजे मासिकातून पुस्तकात जाण्याचा तोच प्रवास इथेही शोधायला आहे. सुरुवात लेखांनी करू नका, सूचीनं करा. प्रत्येक कथेसाठी एक कार्ड : शीर्षक, नियतकालिक, महिना व वर्ष, पान, चित्रकार, मग पुस्तक, प्रकाशक, आवृत्ती. न पाहिलेली गोष्ट कार्डावर लिहायची नाही. ऐकीव माहिती पेन्सिलीनं, पाहिलेली शाईनं.

दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे मराठी ग्रंथालय आणि पुणे नगर वाचन मंदिर इथून सुरुवात करता येईल. बांधीव खंडांत एक गोम असते. बाइंडर मुखपृष्ठं काढून टाकतो आणि अंकाची तारीख बहुतेक वेळा तिथेच असते. अशा वेळी आतल्या संपादकीय पानावर किंवा सणावारांच्या जाहिरातींवरून महिना ठरवावा आणि तो कशावरून ठरवला ते कार्डावर लिहावं. ‘किशोर’चे १९७१ पासूनचे अंक बालभारतीनं ऑनलाइन दिले आहेत, ते घरबसल्या चाळता येतात.

शंभर कार्डं झाली की पहिला अंक काढा. ए-फोर कागद मध्ये दुमडून १६ पानं, म्हणजे चार कागद. पानसंख्या चारच्या पटीत नसेल तर शेवटी कोरी पानं उरतात. लांब दांड्याचा स्टेपलर घ्या, आणि आमचं ऐकाल तर पिनेऐवजी वर सांगितलेली शिवण. शेवटची दोन पानं दुरुस्त्यांसाठी राखून ठेवा. सूचीतली चूक वाचकच पकडतात.

भागवतांनी संपादित केलेल्या ‘बालमित्र’चे अंक ज्यांच्या घरी असतील, त्यांनी मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि संपादकीय पान, अशा तीनच पानांचे सरळ वरून काढलेले फोटो या सदराच्या नावे पाठवावेत. अंक पोस्टानं पाठवू नयेत.