स्कॉटलंडमधलं जुनं शेतघर बघताय? आधी मान वर करा

अहो, पहिल्यांदाच बघताय ना, मग बाहेरून खिडक्या-दारांचे फोटो काढत बसू नका, सरळ आत जाऊन छत बघा. किलिनजवळचं मॉयर्लानिख लाँगहाऊस घ्या, १९ व्या शतकातलं, आता नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे (रोज उघडं नसतं, आधी चेक करा). तिथे माणसं आणि गुरं एकाच लांबलचक छपराखाली, आणि छपराचा भार वाकड्या लाकडांच्या जोड्यांवर, त्यांना क्रक म्हणतात. भिंतीत लपलेले असतात बरेचदा, नीट शोधा. लाकडी पेटीसारखे बंदिस्त पलंगही बघा, थंडीवरचा मस्त उपाय!

दुसरं म्हणजे सिमेंट. या दगडी भिंती चुन्यात नाहीतर मातीत बांधलेल्या, ओल बाहेर जायला वाट लागते, वरून सिमेंटचा गिलावा मारला की ती आतच कोंडते आणि मग लाकूड कुजतं, दगडाचे पापुद्रे निघतात. आपल्याकडच्या वाड्यांचीही हीच वाट लावतात लोक, असो.

विकत घ्यायचा विचार असेल तर घर लिस्टेड, म्हणजे संरक्षित वास्तूंच्या सरकारी यादीत, आहे का ते आधी बघा. ए, बी, सी अशा कॅटेगरी असतात, आणि सी सगळ्यात खालची म्हणून काहीही तोडा असं नाही हं, आतल्या बदलांनाही परवानगी लागू शकते.