शोगून, बाकुफू आणि कनात

प्रश्न असा आला आहे. जपानच्या इतिहासावरच्या एका मराठी मजकुरात हे वाक्य आहे: “११९२ साली मिनामोतो टोळीचा म्होरक्या योरितोमो जपानचा पेशवा झाला आणि त्याने तंबू-सरकार स्थापून लष्करी राजवट सुरू केली.” विचारणाऱ्याच्या शंका तीन: ‘शोगून’ला ‘पेशवा’ म्हटलेले चालेल का, ‘बाकुफू’ म्हणजे खरोखर ‘तंबू-सरकार’ का, आणि एकाच युद्धाला कुठे मिनामोतो-ताइरा, कुठे गेंजी-हेइके, तर कुठे गेनपेई का म्हणतात.

या एका वाक्यात दुरुस्त करण्याजोग्या पाच जागा आहेत. तंबूपासून सुरुवात करतो, कारण तिथे नेमका मराठी शब्द हाताशी असून निसटला आहे.

बाकुफू हा दोन चिनी अक्षरांचा शब्द. पहिले अक्षर ‘बाकु’, म्हणजे पडदा. त्याच्या तळाशी कापड दाखवणारी खूणच बसलेली आहे. दुसरे ‘फु’, म्हणजे सरकारी कचेरी. मोहिमेवर निघालेल्या सेनापतीच्या गोटाला चीनमध्ये हा शब्द होता, तो जपानने घेतला. आता जपानी सेनापतीच्या छावणीतला हा पडदा कसा असे ते पाहा. कापडाचे लांब पट्टे एकमेकांना शिवून एक रुंद पडदा करायचा, त्यावर घराण्याचे चिन्ह उठवायचे आणि खुंट रोवून तो सेनापतीच्या बैठकीभोवती ताणायचा. शिवणीत मधेमधे फटी सोडलेल्या असत, म्हणजे आतून बाहेरचे दिसावे. वर छप्पर नाही. छप्पर नसलेल्या, नुसत्या आडोशाच्या अशा कापडी भिंतीला मराठीत तंबू म्हणत नाहीत, कनात म्हणतात. तेव्हा शब्दशः अर्थ द्यायचाच असेल तर ‘कनातीतली कचेरी’ असा द्यावा. तोही एकदाच, पहिल्या उल्लेखाला. पुढे प्रत्येक वेळी ‘कनात-सरकार’ लिहिले तर वाचकाला वाटेल की दीडशे वर्षे हे लोक मैदानातच बसून होते. योरितोमोचे ठाणे असलेल्या कामाकुराला पक्क्या इमारती होत्या, दप्तरे होती, खटले चालत होते.

आणखी एक गोष्ट. योरितोमोच्या काळात त्याच्या सरकारचे नाव बाकुफू नव्हते. जपानात हा शब्द आधी दरबाराच्या राजरक्षक दलाच्या सरदाराच्या निवासस्थानासाठी वापरत. ते पद योरितोमोला ११९० मध्ये मिळाले आणि थोड्याच दिवसांत त्याने ते सोडले. त्याच्या सरकारला लोक ‘कांतो’ म्हणत, म्हणजे नुसते त्या मुलुखाचे नाव. खुद्द त्याला ‘कामाकुरा-दोनो’, म्हणजे कामाकुराचे धनी. पुढे एदोच्या (आजच्या टोकियोच्या) तोकुगावा सरकारलाही रोजच्या बोलण्यात ‘कोगी’ म्हणत. साऱ्या शोगुनांच्या सरकारांना मिळून ‘बाकुफू’ म्हणण्याची रीत एदो काळाच्या अखेरीस, मितो संस्थानातल्या विद्वानांमुळे रुळली. म्हणून अकराशे-बाराशेच्या सुमाराच्या पात्राच्या तोंडी ‘बाकुफूचा हुकूम आहे’ असे वाक्य घालू नये. ‘कामाकुराचा हुकूम आहे’ म्हणावे. इतिहासकार स्वतःच्या आवाजात बाकुफू लिहितो, त्याला हरकत नाही.

आता पेशवा. ही तुलना उगीच सुचलेली नाही. क्योतोला सम्राट, कामाकुराला किंवा एदोला शोगून. साताऱ्याला छत्रपती, पुण्याला पेशवा. पेशव्याला वस्त्रे साताऱ्याहून यायची, शोगुनाला नेमणूक क्योतोच्या दरबाराकडून यायची. मराठी वाचकाला एका वाक्यात मांडणी समजावून सांगायला हा दाखला उत्तम आहे. पण दाखला वेगळा आणि प्रतिशब्द वेगळा. ‘पेशवा’ हा फारसी शब्द, अर्थ पुढे असणारा. पद अष्टप्रधानांतल्या मुख्य प्रधानाचे, मुलकी. त्याच अष्टप्रधानांत सेनापती वेगळा होता. शोगुनाचे पद उगमातच फौजी आहे. पूर्ण पदवी ‘सेइ-इ-ताइशोगून’: ‘सेइ’ दमन, ‘इ’ रानटी लोक, ‘ताइ’ महा, ‘शो’ नायक, ‘गुन’ सैन्य. हे ‘रानटी’ म्हणजे होन्शू बेटाच्या ईशान्येकडचे एमिशी. आठव्या शतकाच्या शेवटी त्यांच्यावर मोहिमा निघाल्या तेव्हाची ही पदवी. तिचा सर्वांत गाजलेला मानकरी साकानोए नो तामुरामारो, ७९७ मध्ये नेमलेला. मोहीम संपली की पदवीही संपे.

मग चारशे वर्षांनी, एमिशींशी कसलेही युद्ध चालू नसताना, योरितोमोला हीच पदवी का? त्याने मागितले होते ते ‘महासेनापती’च्या तोलाचे पद. दरबारापुढे चार नावे होती. ‘सोकान’ नको, कारण ते युद्धात हरलेल्या ताइरांच्या मुनेमोरीकडे होते आणि त्याचा शेवट वाईट झाला. ‘सेइतो-ताइशोगून’, म्हणजे पूर्वेचे दमन करणारा, नको, कारण ते योरितोमोचा चुलतभाऊ योशिनाका याच्याकडे होते आणि तोही मारला गेला. चौथ्या नावाला जपानात आधार नव्हता, चीनमधला होता. उरले तामुरामारोचे, ते शुभ मानून दिले. म्हणजे जिच्या नावाने पुढे साडेसहाशेहून अधिक वर्षे सत्ता ओळखली गेली, ती पदवी शकुन-अपशकुन पाहून निवडली होती. अशा शब्दाचे भाषांतर करायला गेले की हातात काहीच राहत नाही. ‘सेनापती’ लिहिले तर रणांगणावरच्या कुठल्याही सेनानायकापासून तो वेगळा काढता येत नाही. ‘पेशवा’ लिहिले तर शनिवारवाडा डोळ्यांपुढे येतो. ‘शोगून’ तसाच ठेवावा.

कामाकुरात पेशव्याच्या जवळ जाणारे पद शोधायचेच असेल तर ते शोगुनाचे नाही, ‘शिक्केन’चे आहे. १२१९ मध्ये तिसरा शोगून सानेतोमो त्सुरुगाओका हाचिमान देवळाच्या आवारात मारला गेला आणि योरितोमोचा वंश खुंटला. त्यानंतर शोगून म्हणून क्योतोहून आधी फुजिवारा घराण्यातली मुले आणि १२५२ पासून राजपुत्र आणून बसवले. कारभार मात्र शिक्केन या नात्याने होजो घराण्याने पाहिला. सम्राटाच्या नावाने शोगून, शोगुनाच्या नावाने शिक्केन. उत्तर पेशवाईत छत्रपती, पेशवा आणि नाना फडणवीस अशी जी उतरंड होती, ती आठवली की ही रचना चटकन कळते. शिक्केनला ‘कारभारी’ म्हटले तर मला ते पटते.

‘टोळी’ हा शब्द मात्र सरळ चूक आहे. मिनामोतो आणि ताइरा ही सम्राटांच्या वंशातून फुटलेली कुळे, आणि त्यांना ती कुळनावे दरबाराने दिलेली. नावांचा गोंधळ लिपीमुळे होतो. जे अक्षर जपानी पद्धतीने ‘मिनामोतो’ वाचतात तेच चिनी वळणाने ‘गेन’. ‘ताइरा’चे तसेच ‘हेइ’. ‘जी’ म्हणजे कुळ, ‘के’ म्हणजे घर. गेन-जी म्हणजे मिनामोतो कुळ, हेइ-के म्हणजे ताइरांचे घर. दोन अक्षरे शेजारी ठेवली की ‘गेनपेई’, तिथे ‘हे’चा ‘पे’ होतो. तेव्हा ११८० ते ११८५ च्या युद्धाला ‘गेनपेई युद्ध’ म्हणावे, पण गेनपेई हे गाव किंवा माणूस नाही हे लक्षात ठेवावे. ‘गेनपेईची लढाई’ असे लिहिले की तसा भास होतो. मिनामोतो नो योरितोमो यातला ‘नो’ म्हणजे आपला ‘चा’: मिनामोतोंचा योरितोमो. हा ‘नो’ दरबारी कुळनावालाच लागतो. होजो, आशिकागा, नित्ता ही गावांवरून पडलेली घराण्यांची नावे, आपल्याकडच्या ‘-कर’ आडनावांसारखी. तिथे ‘नो’ घालू नये. ‘होजो नो तोकिमासा’ चूक, ‘होजो तोकिमासा’ बरोबर. आशिकागा ताकाउजी घराण्याने आशिकागा, कुळाने मिनामोतो. दरबारी कागदात तोच ‘मिनामोतो नो ताकाउजी’ होतो.

कूळ आणि घराणे हा भेद सोडला की युद्धच चुकीचे समजते. मिनामोतो एका बाजूला आणि ताइरा दुसऱ्या, असे ते सरळ नव्हते. योरितोमोच्या पाठीशी उभी राहिलेली पूर्वेकडची होजो, मिउरा, चिबा, हाताकेयामा ही घराणी स्वतःला ताइरा वंशाचीच म्हणवत. उलट योरितोमोने ११८४ मध्ये आपला चुलतभाऊ योशिनाका याच्यावर फौज पाठवली आणि तो आवाझुला पडला. ज्याने ती फौज नेली आणि ११८५ मध्ये दान-नो-उराच्या सामुद्रधुनीत ताइरांना बुडवले, त्या सावत्र भावाचा, योशित्सुनेचा, योरितोमोने पाठलाग चालवला. ११८९ मध्ये हिराइझुमीला त्याचा अंत झाला. याला ‘कुळांचे युद्ध’ म्हणून भागत नाही. मराठीत यासाठी ‘भाऊबंदकी’ असा शब्द आहे, आणि त्यात रक्ताबरोबर वाटणीचा वादही येतो. इथे वाटणी होती ती जमिनीच्या हक्कांची.

त्या हक्कांतच ‘लष्करी राजवट’ का नको, याचे उत्तर आहे. हा शब्द ऐकताच आजच्या वाचकाला रणगाडे आणि बरखास्त संसद आठवते. कामाकुराने क्योतोचा दरबार बरखास्त केला नाही. दरबाराचे अधिकारी, सरदारांच्या आणि देवळांच्या जहागिरी, सगळे चालू राहिले. ११८५ मध्ये योरितोमोने मिळवले ते दोन नेमणुका करण्याचे अधिकार: प्रांतावर ‘शुगो’ आणि जहागिरीवर ‘जितो’. शुगोला ‘सुभेदार’ म्हणण्याचा मोह होतो, पण त्याच्याकडे कामे तीनच: क्योतोच्या पहाऱ्यासाठी माणसे हजर करणे, बंडखोरांना धरणे, खुन्यांना धरणे. महसूल त्याच्याकडे नव्हता. १३५२ मध्ये काही प्रांतांत जहागिरींचे अर्धे उत्पन्न शुगोंना उचलू दिले, तिथून पुढे त्यांना सुभेदार म्हटले तर चालेल.

जितो म्हणजे ‘भूमीचा प्रमुख’. त्याचा हक्क ‘शिकी’ म्हणून ओळखला जाई आणि त्याला ‘वतन’ इतका चपखल प्रतिशब्द दुसऱ्या भाषेत सापडणे कठीण. जमीन त्याची नव्हे. जमिनीवरचा ठरलेला वाटा त्याचा. १२२१ च्या जोक्यू युद्धात निवृत्त सम्राट गो-तोबा हरला, त्याच्या बाजूच्या सुमारे ३,००० जहागिरी कामाकुराच्या हाती आल्या आणि तिथे नवे जितो नेमले. त्यांनी हवे तेवढे उकळू नये म्हणून १२२३ मध्ये दर बांधून दिला: दर ११ चो जमिनीमागे १ चो जितोच्या खर्चासाठी, शिवाय दर तानमागे ५ शो जादा तांदूळ, आणि डोंगर-नद्यांच्या उत्पन्नाचा निम्मा भाग. चो आणि तान ही जमिनीची मापे, १ चो म्हणजे १० तान; शो हे धान्याचे माप. हा हिशेब वाचला की कळते, हे सरकार तलवारीने उभे राहिले पण टिकले ते वतनांची वाटणी आणि तंट्यांचा निवाडा यांवर. १२३२ ची त्याची ५१ कलमांची संहिता याच कामासाठी झाली. या राजवटीला ‘सामुराईंचे सरकार’ म्हणावे, ‘शोगूनशाही’ म्हणावे. निजामशाही, शिंदेशाही, होळकरशाही या घडणीत ती सहज बसते, ‘शोगुनेट’ हे इंग्रजी शेपूट लागत नाही.

सालाबद्दल: जपानी मुले पूर्वी ‘इ-इ-कु-नि’, चांगला देश, असे घोकत, त्यातली अक्षरे १-१-९-२ या आकड्यांची. आता पाठ्यपुस्तके ११८५ कडे वळली, तेव्हा ‘इ-इ-हा-को’, चांगली पेटी, आली. पदवीचे साल ११९२, सत्तेचे ११८५.

तेव्हा वाक्य असे होईल: “गेनपेई युद्ध जिंकून मिनामोतो कुळातल्या योरितोमोने ११८५ मध्ये शुगो आणि जितो नेमण्याचा अधिकार मिळवला, ११९२ मध्ये तो शोगून झाला आणि कामाकुराची शोगूनशाही, म्हणजेच बाकुफू, स्थिरावली.”

लेखनाचे म्हणाल तर जपानी उच्चारात ‘शो’ लांब आणि ‘गु’ आखूड आहे. पण शब्द सामान्यनाम म्हणून मराठीत घेतला की अकारान्त शब्दाचे उपान्त्य दीर्घ, आणि विभक्ती लागली की ऱ्हस्व: वकील-वकिलाने, तसे शोगून-शोगुनाने. मराठीत लिहिताना ‘बाकुफू’चा शेवटचा ऊ दीर्घ; जपानीत बोलताना ‘कु’तला उ जवळजवळ गळतो, ‘बाक्फु’ असे ऐकू येते. लिंग नपुंसक, सरकारसारखे: ते बाकुफू. ‘सामुराई’ शिपाईच्या चालीने ‘सामुरायांनी’ व्हायला हवा, पण ‘सामुराईंनी’ रुळला आहे आणि तोच ठेवावा.