आई-बाबांच्या हृदयाची भिंत सारखीच १० मिमी, मग एलव्हीएच फक्त आईलाच कसा?

दोघांचे इको (हृदयाची सोनोग्राफी) रिपोर्ट शेजारी ठेवून तुम्ही विचारताय, मशीन चुकलं का? चुकलेलं नाही. आईच्या रिपोर्टवर एलव्हीएच (हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचा स्नायू प्रमाणाबाहेर वाढणं) लिहिणाऱ्याने काम चोख केलंय. "११ मिमीपर्यंत चालतं हो" म्हणून बाई-पुरुष एकाच मापाने मोजणाऱ्यांशी माझं कधीच जमलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भिंत पुरुषात १० मिमीपर्यंत नॉर्मल, बाईत ९ पर्यंत. पण नुसत्या जाडीवर थांबूच नये, स्नायूचं वजन काढावं. तुमचेच आकडे घेऊ. आईचा पडदा (डाव्या-उजव्या कप्प्यांमधली भिंत) १०, डाव्या कप्प्याची मागची भिंत १०, त्याची पोकळी ४४ मिमी. सेंटीमीटरमध्ये तिन्हींची बेरीज ६.४. तिच्या घनातून ४.४ चा घन वजा करा, १.०४ ने आणि ०.८ ने गुणा, ०.६ मिळवा: १४८ ग्रॅम. उंची १५०, वजन ५० म्हणजे शरीराचं क्षेत्रफळ १.४४ चौ.मी.; ग्रॅमना क्षेत्रफळाने भागलं की १०२. बायकांची मर्यादा ९५, पुरुषांची ११५. बाबांची पोकळी ४८, उंची १६८, वजन ६८. त्यांचे १७० ग्रॅम भरतात, पण भागल्यावर ९६. स्नायू जास्त बाबांचा, आजार आईचा.

आता मागच्या भिंतीची दुप्पट भागिले पोकळी. आईचं ०.४५, बाबांचं काठावरचं ०.४१७. ०.४२ च्या वर गेलं की 'कॉन्सेंट्रिक', म्हणजे पोकळीच्या मानाने भिंत जाड. बीपीच्या दाबाखाली बायकांचं हृदय बहुधा असंच वागतं: भिंत जाड, पोकळी लहान, इएफ (दर ठोक्याला कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर जातं ते) झकास. पुरुषांत पोकळी फुगण्याकडे कल जास्त. म्हणून "इएफ ६५ आहे, काळजी नको" हे वाक्य बाईच्या बाबतीत मला पटत नाही. जिना चढताना दम लागत असेल तर डाव्या कर्णिकेचं (वरच्या कप्प्याचं) आकारमान (३४ मिली प्रति चौ.मी.च्या वर वाईट) आणि ई बाय ई-प्राइम (हृदय भरतानाच्या दाबाचा अंदाज देणारं गुणोत्तर, १४ च्या वर वाईट) बघा. रिपोर्टमध्ये हे नसतील तर मागून घ्या.

गडबड होते ती मोजताना. सूत्रात घन असल्यामुळे दोन्ही भिंती १-१ मिमी जास्त मोजल्या तरी आईचे १४८ चे १६९ ग्रॅम होतात. माप डायस्टोलच्या (हृदय सैल होऊन भरतं त्या काळाच्या) शेवटी, मायट्रल झडपेच्या (डाव्या दोन कप्प्यांमधल्या) टोकांशी, भिंतीला काटकोनात घ्यायचं. रेघ तिरकी गेली की भिंत फुकट जाड दिसते. उजव्या कप्प्याची मॉडरेटर बँड (तिथली स्नायूची पट्टी) पडद्यात धरली तरी तेच. उतारवयात पडद्याचा वरचा भाग फुगीर असतो, तिथे मोजू नये. शंका उरलीच तर एमआरआय. तिथे काप जोडून वजन काढतात, पण मर्यादा वेगळ्या, इकोचे ९५-११५ तिथे लावू नका.

आणि शरीराच्या वजनाचा घोळ. हीच आई ७२ किलोची असती तर भागाकार ८५, म्हणजे कागदावर 'नॉर्मल'! हृदय तेच. लठ्ठ माणसात उंचीच्या २.७ व्या घाताने भागावं: आईचे ४९.५ येतात, बायकांची मर्यादा ४४. तिथे चरबीच्या आड लपता येत नाही.

हो, एक राहिलं. भिंत १५ मिमी किंवा जास्त निघाली तर सगळं खापर बीपीवर फोडू नका, एचसीएम (हृदयाचा स्नायू जाड होण्याचा, बहुधा आनुवंशिक आजार) आणि अमायलॉइड (स्नायूत विकृत प्रथिन साचणं) तपासायला सांगा. आणि बाबांना बीपी असेल तर 'नॉर्मल' वाचून गोळी बंद करू देऊ नका, ०.४१७ आणि ०.४२ मधलं अंतर इकोच्या चुकीपेक्षाही कमी आहे.