२५ एमएमचा पाईप पाऊण इंची एल्बोत का बसत नाही

तुमचं इंदूरच्या लोकमान्यनगरातलं जुनं घर, स्वयंपाकघरापर्यंत पाऊण इंची जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाईपाची लाईन. पुढचा गंजलेला तुकडा बदलायला तुम्ही सियागंजातून २५ एमएमचा पीपीआर, म्हणजे तापवून जोडायचा प्लास्टिकचा पाईप आणलात. आता तो जुन्या एल्बोत, म्हणजे वळणावरच्या आट्यांच्या जोडात बसत नाही, म्हणून प्लंबर पाईपाचं तोंड गरम करून आट्यांत दाबून बसवतो म्हणतोय. आधी त्याला थांबवा. असा सांधा पहिल्या दिवशी धरतो, पण नळाचा दाब रोज कमी-जास्त होतो, पाईप हलतो आणि भिंतीच्या आत झिरपायला लागतं.

घोळ 'एमएम' या शब्दाचा आहे. जीआयवर २० एमएम म्हणतात ते आतल्या भोकाचं ठोकळ माप, म्हणजे आपला पाऊण इंचीच. बाहेरून तो पाईप जवळजवळ २७ एमएम भरतो. पीपीआर आणि एचडीपीई या प्लास्टिक पाईपांवर लिहिलेले एमएम मात्र बाहेरच्या व्यासाचे. देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, तरी दुकानात अजून 'पाऊण इंची द्या' असंच म्हणतात, आणि ते बरोबरही आहे, कारण फिटिंगचे आटे बदललेले नाहीत. अर्धा आणि पाऊण इंचीला इंचामागे १४ आटे, एक इंचीला ११. तुमच्या आजोबांच्या काळातल्या एल्बोत आजचं पितळी निप्पल (दोन्ही टोकांना बाहेरून आटे असलेला छोटा तुकडा) सरळ फिरतं. म्हणून जुनं आणि नवं जुळवायचं ते आट्यांवरच, पाईपात पाईप घालून कधीच नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती दुकानदार सहसा सांगत नाहीत. गरम पाण्याला चालतो तो जाड पीपीआर २५ एमएमचा असेल तर त्याची भिंत ४.२ एमएमची, म्हणजे आत उरले १६.६. हे जवळजवळ अर्धा इंची जीआयचं भोक झालं! पाऊण इंचीइतकं पाणी हवं असेल तर ३२ एमएम घ्या, त्याचं भोक २१ एमएमच्या आसपास येतं. पाईप अजून कापला नसेल तर बदलून आणा.

सोबत ३२ बाय पाऊण इंचीचा पितळी आट्यांचा अडॅप्टर आणि एक युनियन, म्हणजे पाईप न फिरवता खोलता येणारा जोड घ्या. नुसत्या प्लास्टिकच्या आतल्या आट्यांत लोखंडी निप्पल कधीही फिरवू नका. निप्पल पुढे निमुळतं असतं, पाचरीसारखं काम करतं आणि प्लास्टिक उभं चिरतं. माझ्याच घरात गिझरच्या लाईनवर मी हे केलं होतं. ठिबकतंय म्हणून पान्याने अर्धा फेरा जास्त दिला, पहाटे एल्बो फुटला आणि कोठीतले गहू भिजले. तेव्हापासून मी पितळ नसलेलं आट्यांचं फिटिंग लोखंडाला लावत नाही.

जुना तुकडा काढताना दोन पाईप पाने लागतात: एकाने एल्बो धरायचा, दुसऱ्याने पाईप फिरवायचा. एकाच पान्याने जोर दिला तर भिंतीतला मागचा सांधा सुटतो. एल्बोचे आटे तारेच्या ब्रशने घासा आणि नखाने चाचपून बघा. कडा भुगा होऊन येत असतील तर एल्बोही काढा, मागच्या चांगल्या पाईपावर नवे आटे पाडून घ्या. टेफ्लॉन टेप आट्यांच्या तोंडाकडून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा, नाहीतर फिटिंग फिरवताना ती उलगडते. जुन्या खरबरीत आट्यांवर मी अजून सूत आणि सफेदाच (आट्यांना लावायचा पांढरा लेप) वापरतो, पण पितळ प्लास्टिकमध्ये बसवलेलं असेल तिथे सूत जाड भरू नका.

पीपीआर तापवून जोडायचं मशीन २६० अंशांवर स्थिर झालं की ३२ एमएमला ८ सेकंद तापवणं पुरे. जोडताना पिळायचं नाही, सरळ आत ढकलून धरायचं.

आणि भिंत लगेच बुजवू नका. आपल्याकडे नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो, तेव्हा दोनदा नळ येऊन जाऊ द्या. दोन्ही वेळा सांध्याखाली कोरडा कागद ठेवा, तो कोरडाच राहिला तर सिमेंट कालवा.