वाचकांचे प्रश्न : टेम्प फोल्डर सरसकट रिकामा करावा का?

प्रश्न : स.न.वि.वि. मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते आणि घरीच लग्नपत्रिका, मुंजीची निमंत्रणे व मंडळांच्या स्मरणिका यांची मराठी-गुजराती अक्षरजुळणी करते. माझा जुना संगणक हल्ली सुरू व्हायलाच सहा-सात मिनिटे घेतो. दुरुस्तीला आलेल्या मुलाने टेम्प नावाचा फोल्डर उघडून दाखवला, तेव्हा त्यात ४१ हजारांवर फाइली निघाल्या. “हे सगळं उडवून टाका, मशीन पळायला लागेल,” असे सांगून तो गेला. मी सगळ्या फाइली निवडून डिलीट केल्या, तोच ‘फाइल वापरात आहे’ असा संदेश आला आणि मी घाबरून काम थांबवले. सी ड्राइव्ह ९७.६ जीबीचा असून त्यात जेमतेम २ जीबी जागा उरली आहे. डी ड्राइव्ह जवळजवळ रिकामा आहे. सध्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचे काम हातात आहे. मजकूर झिप फाइलींतून येतो आणि मी तो तिथूनच उघडून दुरुस्त करते. सगळे काढून टाकले तर चालेल का?

उत्तर : ताई, आपण थांबलात हे फार बरे झाले, आणि त्याचे कारण आपल्या शेवटून दुसऱ्या वाक्यातच आहे. झिपच्या आतली फाइल तिथल्या तिथे उघडली की विंडोज तिची एक प्रत टेम्प फोल्डरात काढते आणि पडद्यावर ती प्रत दाखवते. त्यामुळे आपण केलेल्या दुरुस्त्या मूळ झिपपर्यंत पोहोचतातच असे नाही. पुष्कळदा त्या टेम्पमध्येच राहतात. म्हणून हा अंक हाती पडताच आधी टेम्प फोल्डर उघडा. विंडोजची खूण असलेली कळ आणि आर ही कळ एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत टक्क्याचे चिन्ह, इंग्रजीत टेम्प हा शब्द आणि पुन्हा टक्क्याचे चिन्ह असे जागा न सोडता लिहा व एंटर दाबा. ‘टेम्प१’ने सुरू होणारे आणि पुढे आपल्याच झिपचे नाव असलेले फोल्डर तिथे दिसतील. त्यांतला स्मरणिकेचा सारा मजकूर डी ड्राइव्हवर उतरवून घ्या आणि प्रत्येक फाइल उघडून दुरुस्त्या आहेत ना, याची खात्री करा. यापुढे झिप आली की ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ करून ती डी ड्राइव्हवर सोडवावी आणि मगच कामाला हात घालावा.

आता मूळ शंका. संगणकातला एखादा कार्यक्रम (प्रोग्रॅम) चालू असताना लागणाऱ्या तात्पुरत्या फाइली टेम्पमध्ये तयार होतात आणि काम संपल्यावर त्या ज्याच्या त्याने पुसून टाकायच्या असतात. वीज गेली किंवा कार्यक्रम मध्येच बंद पडला, की हे पुसणे राहून जाते आणि उष्टी भांडी मोरीत साचावीत तशा त्या साचत जातात. फोटोशॉपसारख्या कार्यक्रमाची एकच उरलेली तात्पुरती फाइल कित्येक जीबींची असू शकते.

तरीही फोल्डरात फाइली पुष्कळ आहेत एवढ्यानेच संगणक संथ होतो, हे मला पटत नाही. एक अपवाद मात्र खरा आहे. तात्पुरत्या फाइलीला नाव देण्याची विंडोजची एक जुनी पद्धत आहे, तीत कार्यक्रमाची तीन अक्षरे (म्हणजे उपसर्ग) आणि पुढे षोडशमान (हेक्साडेसिमल) पद्धतीतला चार स्थानांचा आकडा असतो. अशी नावे एका उपसर्गाला जास्तीत जास्त ६५,५३५ मिळतात, आणि आधीची नावे जितकी अडलेली, तितका रिकामे नाव शोधायला वेळ लागतो. सगळी संपली तर फाइल तयारच होत नाही. आपल्या ४१ हजारांत एकाच उपसर्गाच्या फाइली बहुसंख्य असतील, तर तो कार्यक्रम अडखळत असण्याची शक्यता आहे.

पण माझ्या मते आपले खरे दुखणे त्या २ जीबींत आहे. मेमरी अपुरी पडली की विंडोज सी ड्राइव्हवरची पेजफाइल, म्हणजे मेमरीला पूरक म्हणून डिस्कवर राखलेली फाइल, वाढवते. तिला वाढायला जागा नसेल तर सगळेच कार्यक्रम अडतात, आणि विंडोजच्या अद्ययावत आवृत्त्याही नीट बसत नाहीत. त्यातून आपली डिस्क फिरत्या तबकडीची असेल, तर मिनिटाला ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कला एक फेरी पुरी करायला सुमारे ८ मिलिसेकंद लागतात आणि सुरुवातीच्या हजारो छोट्या वाचनांत तो वेळ साचत जातो. टेम्प कितीही झाडले तरी तबकडीचा वेग तोच राहील. एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, बसवून घेतलीत, तर सहा-सात मिनिटांची ती वाट मिनिटाच्या आत येऊ शकते. या संगणकावर खर्च करायचाच असेल तर तो तिथेच करावा.

मजकूर सुरक्षित झाला, की संगणक ‘शट डाउन’ न करता ‘रीस्टार्ट’ करा, कारण नवे कार्यक्रम बसवणारे काही इन्स्टॉलर आपले उरलेले काम पुन्हा सुरू झाल्यावर टेम्पमधल्या फाइलींवरूनच पुरे करतात. मग कोणताही कार्यक्रम न उघडता फाइली तारखेप्रमाणे लावा आणि आठवड्यापेक्षा जुन्या तेवढ्या काढा. ‘वापरात आहे’ असा संदेश आला तर ‘स्किप’ दाबून पुढे जावे. त्यात भिण्यासारखे काही नाही, विंडोज चालू फाइलीचे रक्षण करत असते. रीसायकल बिन रिकामी केल्याशिवाय जागा मोकळी होत नाही, हेही ध्यानात असू द्या. पुढे सेटिंग्जमधील ‘स्टोरेज सेन्स’ ही तात्पुरत्या फाइली आपोआप काढणारी सोय चालू ठेवावी, मात्र त्यात डाउनलोड्स फोल्डरापुढे ‘नेव्हर’ असेच असू द्यावे, कारण ग्राहकांचे फोटो बहुधा तिथेच पडलेले असतात.

प्रश्न : टेम्पबरोबर प्रीफेच फोल्डरही रिकामा करावा, असे माझा भाचा म्हणतो. करू का? (एक वाचक, रावपुरा, बडोदा)

उत्तर : करू नये. कार्यक्रम लवकर उघडावेत म्हणून विंडोजने केलेल्या नोंदी त्यात असतात आणि जुन्या नोंदी विंडोज स्वतःच काढते. त्या पुसल्यात तर प्रत्येक कार्यक्रम पहिल्या खेपेला उलट उशिराच उघडेल.