प्रत्यारोपणानंतर रक्तात वाढलेला विषाणू

प्रश्न : माझ्या 9 वर्षांच्या मुलाला 7 महिन्यांपूर्वी मी माझी किडनी दिली. परवाच्या तपासणीत त्याच्या रक्तात एपस्टाइन-बार विषाणू वाढलेला आढळला आणि डॉक्टरांनी टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची मात्रा कमी केली. या विषाणूमुळे गाठी होतात असे कळल्यापासून मन थाऱ्यावर नाही. तो माझ्याच किडनीतून गेला असेल का? औषध कमी केल्याने शरीर किडनी नाकारणार नाही ना?
– एक आई, सातारा

उत्तर : विषाणू आपल्या किडनीबरोबर गेला असणे शक्य आहे, परंतु त्यात आपली कोणतीही चूक नाही. जगातील 90 टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात हा विषाणू असतो. तो लाळेतून पसरतो आणि रक्तातील बी-पेशी या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींमध्ये जन्मभर निपचित राहतो. दात्याच्या अशा काही पेशी अवयवासोबत जातातच. मुलाला पूर्वी हा संसर्ग झालेला नसेल, तर प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या वर्षात धोका अधिक असतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीचा त्याचा प्रतिपिंडांचा (पूर्वी संसर्ग झाला होता का, हे दाखवणारा) अहवाल काय होता, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

रक्तात विषाणू वाढणे म्हणजे कर्करोग होणे नव्हे. हा विषाणू बी-पेशींना वाढीस लावतो आणि एरवी टी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी अशा बी-पेशींचा वेळीच नाश करतात. मात्र नवी किडनी टिकावी म्हणून दिलेले टॅक्रोलिमस नेमके या टी-पेशींनाच दाबून ठेवते, त्यामुळे क्वचित बी-पेशींची वाढ आवरेनाशी होऊन लिम्फोमा, म्हणजे या पेशींच्या गाठींचा कर्करोग, होतो. मात्रा कमी करण्यामागे हेच कारण आहे. अमेरिकी प्रत्यारोपण शल्यविशारद थॉमस स्टार्झल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये दाखवून दिले होते, की प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कमी केल्यावर काही रुग्णांतील अशा गाठी मागे हटतात. आपल्या मुलाच्या बाबतीत तर गाठ होण्यापूर्वीच हे पाऊल उचलले गेले आहे, आणि मला ते योग्य वाटते.

किडनी नाकारली जाण्याची आपली भीती मात्र निराधार नाही. म्हणूनच या काळात क्रिएटिनिन (किडनीचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा रक्तातील घटक), टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी आणि विषाणूचे प्रमाण यांच्या तपासण्या ठरल्या दिवशीच कराव्यात. मात्रा स्वतःहून आणखी घटवू नये, तशीच घाबरून पूर्ववतही करू नये. ताप आल्यास जवळच्या डॉक्टरांना टॅक्रोलिमसविषयी आधी सांगावे, कारण क्लॅरिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनॅझोलसारख्या औषधांनी त्याची पातळी एकाएकी वाढते.

न उतरणारा ताप, मान, काख किंवा जांघेतील गाठी, टॉन्सिल सुजून नव्याने सुरू झालेले घोरणे, घटणारे वजन, सततची पोटदुखी किंवा काळी शौच यांपैकी काहीही दिसल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता प्रत्यारोपण केंद्रात जावे. गाठ असल्यास बायोप्सीने निदान होते, आणि औषध कमी करणे पुरेसे न ठरल्यास बी-पेशींवर काम करणारे रितुक्सिमॅब बहुधा दिले जाते.